संकेतार्थ

हातकणंगल्याची एस.टी. त्या रविवारी वेळेआधीच कोल्हापूरच्या स्टँडात शिरली, आणि त्यामुळे श्यामलाबाईंना त्यांची मुलगी अशी दिसली, की ती आपली मुलगी आहे हे क्षणभर त्यांना कळलंच नाही. फलाटाच्या टोकाशी, वर्तमानपत्रांच्या स्टॉलपलीकडे तरुण मुलामुलींचं एक कोंडाळं उभं होतं. मधोमध निळ्या साडीतली एक मुलगी काहीतरी सांगत होती. हातांनी सांगत होती, पण नुसत्या हातांनी नव्हे, खांद्यांनी, भुवयांनी, गालांनी, मानेच्या एका झटक्यानं सांगत होती, आणि ऐकणारे (ऐकणारे म्हणायचं का त्यांना?) निकाली कुस्तीकडे बघावं तसे तिच्याकडे डोळा न लवता बघत होते. मग ते सगळे एकदम हसले. घशातून येणारं, खरखरीत, एकाचं दुसऱ्याशी न जुळणारं हसू. केवढी बोलकी पोर आहे कुणाची, असं श्यामलाबाईंच्या मनात आलं, आणि त्याच वेळी त्यांची नजर निळ्या साडीच्या काठावर गेली. तिथला फॉल थोडा वर चढला होता. तो त्यांनीच घाईत लावला होता.

नंदिनी. बोलकी. हे दोन शब्द तेवीस वर्षांत कधी एका वाक्यात आले नव्हते. श्यामलाबाई खांबाच्या आड थांबल्या. हातात शेंगांची पिशवी होती, पाठीमागून हमाल 'बाजूला व्हा, बाजूला' म्हणत होता, आणि त्यांना मात्र पुढे जाववेना. पुढे गेलं तर हे थांबेल हे त्यांना ठाऊक होतं. नंदिनीचे हात खाली येतील, चेहरा नेहमीसारखा कोरा होईल, आणि ती त्या जड, ओढत आणलेल्या आवाजात म्हणेल, "आई. आली." जन्मापासून एक अक्षर न ऐकलेल्या मुलीला तेवढं म्हणायला शिकवण्यात श्यामलाबाईंची अर्धी जिंदगी गेली होती. उरलेली अर्धी मुलींच्या हायस्कुलात मराठीचं व्याकरण शिकवण्यात. रविवारी मैत्रिणींना भेटते, एवढंच नंदिनी सांगायची. आज सकाळी कानावर आलं होतं, तरी मैत्रिणींना भेटते म्हणजे हे, याची त्यांना कल्पना नव्हती. त्या बघत राहिल्या. नंदिनीनं तर्जनी नाकपुडीशी टेकवली, जिथे बायका चमकी घालतात तिथे, आणि मग ते बोट डाव्या बाजूच्या रिकाम्या हवेत रोवलं. कुणीतरी बाई तिथे उभी केली. मग तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला, सपाट, आणि उजव्या बाजूला आणखी कुणाला तरी उभं केलं. घसा दुखणारी बाई असेल, श्यामलाबाईंना वाटलं. त्यानंतर नंदिनीला पुन्हा नावं घ्यावी लागली नाहीत. डावीकडे नुसतं बोट गेलं की ती पहिली, उजवीकडे गेलं की ती दुसरी. ती, ती. सर्वनामं! मराठीत दोन बायका एका गोष्टीत आल्या की 'ती' म्हणजे कोण याचा घोळ होतोच. निबंध तपासताना त्या समासात 'ती कोण?' असं लाल शाईनं किती वेळा लिहीत. इथे घोळ नव्हता. हवेतली जागा राखलेली होती. तेवढ्यात तो हमाल ट्रंक घेऊन कोंडाळ्यातून आरपार गेला, नेमका त्या उजवीकडच्या बाईच्या अंगावरून, आणि नंदिनीनं झटकन हात पुढे करून त्या न दिसणाऱ्या बाईला बाजूला ओढलं, तिचा पदर झटकला आणि परत जागेवर ठेवलं. पुन्हा सगळे हसले. श्यामलाबाईही हसल्या. हसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मुलीनं केलेल्या विनोदाला आपण आज पहिल्यांदाच हसतो आहोत.

मग आणखी एक गोष्ट घडली. चट्ट्यापट्ट्याच्या शर्टातल्या एका मुलानं नंदिनीचंच वाक्य पुन्हा करून पाहिलं. त्याचा हात डावीकडून उजवीकडे गेला. नंदिनीनं मान हलवली, त्याचं मनगट धरलं आणि तोच हात उजवीकडून डावीकडे नेला. असं. मुलानं जीभ चावली, नीट केलं. श्यामलाबाईंनी खांबाला हात टेकला. तिनं चूक काढली होती. त्यांना आजवर वाटत होतं की हातवारे म्हणजे हातवारे. पाणी हवं तर अंगठा तोंडाशी न्यावा, कसाही न्यावा, समजणारा समजून घेतो. पण कसंही चालत असेल तर चूक निघेल कशी? आणि चूक निघत असेल तर कुठेतरी नियम असणार, आणि तो या सगळ्या पोरांना माहीत असणार, कुणी न शिकवता, जसं सातवीतल्या मुलींना चतुर्थी कळायच्या आधीच 'मला' म्हणता येतं. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती चतुर्थी उलगडली. हात जिथून निघाला ती पंचमी. जिथे पोचला ती चतुर्थी. 'हिच्याकडून तिला' हे सांगायला मराठीला दोन प्रत्यय लागतात. या पोरांनी ते प्रत्यय क्रियापदाच्या वाटेत ठेवले होते. नंदिनीच्या बोलण्यात प्रत्यय टिकत नाहीत म्हणून त्यांनी किती डोकं आपटलं होतं! 'आई भात दे', 'मी बाबा सांग'. आणि प्रत्यय तर हे असे, उघड्यावर, तिच्या मनगटात होते.

माजघरातल्या आरशासमोर दोघी बसत. नंदिनी पाच वर्षांची, केस घट्ट विंचरलेले. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. 'प' म्हटलं की पट्टी हलते, 'ब' म्हटलं की हलत नाही. मग मुलीचा इवला तळवा स्वतःच्या गळ्यावर सपाट ठेवायचा, 'आ' म्हणायचं, आणि त्या तळव्याला आतला थरकाप कळू द्यायचा. मूकबधिरांच्या शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं की हाताला सवय लागली तर जीभ आळसावेल, म्हणून नंदिनी बाकी वेळ हात मांडीखाली घेऊन बसे. ती शहाणी मुलगी होती. शब्द आले, नावं आली, 'दे' आलं, 'नको' आलं. क्रियापदाचे चार अर्थ असतात, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. त्यांतले पहिले दोन आले, तिसरा अर्धामुर्धा आला, आणि चौथ्यापाशी गाडी अडली ती अडलीच. जर आणि तर. श्यामलाबाई आरशात बघून ओठ ताणून म्हणायच्या, "जर बस आली, तर आपण जाऊ." नंदिनी ओठ वाचायची, डोळे चमकायचे, आणि ती उठून चपला घालायला धावायची. "बस आली! जाऊ!" अगं, आली नाही, जर आली तर. "बस नाही?" रडवेला चेहरा. असं कितीदा झालं. हळूहळू श्यामलाबाईंनी मनाशी एक गोष्ट कबूल करून टाकली होती, कुणाशी बोलल्या नव्हत्या: या मुलीच्या मनात जे आहे तेवढंच आहे. जे नाही पण होऊ शकतं, त्याला तिथे जागा नाही. जर नाही. आणि म्हणूनच त्या आज हातकणंगल्याला जाऊन आल्या होत्या. आणि म्हणूनच गेला आठवडाभर त्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

कबनूरला यंत्रमागावर काम करणाऱ्या सयाजीचं स्थळ सयाजीनंच आणलं होतं, म्हणजे आईला घेऊन तो शिवाजी पेठेतल्या त्यांच्या घरी सरळ येऊन बसला होता. तोही नंदिनीसारखाच. जातीचं काय, नातेवाईक काय म्हणतील, हे सगळं नंदिनीच्या वडिलांनी, वसंतरावांनी, एका संध्याकाळी येरझाऱ्या घालून संपवलं आणि मुलीला समोर बसवून विचारलं, "सयाजी. लग्न. पसंत?" नंदिनी म्हणाली, "हो." वसंतराव मोकळे झाले. पण श्यामलाबाईंना तो 'हो' माहीत होता. भूक लागली का? हो. झोप येते का? हो. नवी शिवणाची शाळा आवडली का? हो. धडा संपवण्याचा तो शब्द होता. तो म्हटला की समोरचे ओठ हलायचे थांबतात. मुलगी जन्माची बांधली जाणार होती त्या एका अक्षरावर, आणि ते अक्षर खरं की खोटं हे तिच्या आईला कळायला मार्ग नव्हता. 'जर तू गेली नाहीस तर' हा प्रश्नच जिला विचारता येत नाही, तिच्या होकाराला होकार कसं म्हणायचं? सकाळी हातकणंगल्याला सयाजीच्या घरी, सोप्यात बसून, त्यांनी त्याच्या आईला, चिमणाबाईंना, आडून आडून हेच विचारायचा प्रयत्न केला होता. चिमणाबाई शेंगा निवडत होत्या, आवाज पार रस्त्यापर्यंत.

"बाई, तुमी लई इचार करताय बगा. पोरगी हो म्हनली न्हवं?"

"म्हणाली हो. पण तिला समजलंय का, हे..."

"समजाया काय झालंय तिला? आवो, दर आइतवारी दोगं ष्टँडवर हुबी असत्यात. मी एकदा गेलते बघायला. तासभर! माज्या म्हातारीचं पाय दुखाय लागलं, पर त्येंचं बोलनं काय सरंना."

"आणि त्याचं काम? ऐकू येत नाही, यंत्रावर काही अपघात..."

"मागावर कोन ऐकतंय वो? येवढा दणका असतोय तितं. समदीच बहिरी! कान असल्याली मानसं माज्या सयाजीकडं शिकत्यात हातानं कसं सांगायचं त्ये." त्या हसल्या, आणि मग एक शेंग तशीच हातात धरून थांबल्या. "तुमी बामन, आमी मराठं. म्या बी रडले पयल्यांदा, खोटं कशाला बोलू? पर ह्या पोरांची जात येगळीच हाय की, बाई. ती हाताची जात. बेस्तरवारी येते मी. व्हय म्हना न्हायतर न्हाय म्हना, पर उगा टांगून ठिवू नका."

आणि आता खांबाआडून श्यामलाबाई त्याच पोरांच्या जातीकडे बघत होत्या. सयाजीही तिथेच होता, कोंडाळ्याच्या कडेला, हाताची घडी घालून, नंदिनीकडे बघत. नंदिनीनं भुवया उंच केल्या. मान जरा पुढे, उजवीकडच्या त्या गळ्यावाल्या बाईकडे बोट, नकाराची मान, आणि भुवया तशाच वर. थांबल्या. सगळं कोंडाळं थांबलं. मग भुवया खाली आल्या आणि हात सुटले, भरभर, एक लांबलचक काहीतरी. पुन्हा भुवया वर; या वेळी त्याच बाईचा होकार; थांबणं; आणि मग उतरणं, वेगळ्याच गोष्टीकडे. श्यामलाबाईंना एकही शब्द कळला नव्हता. पण शब्द नसताना वाक्याचा सांगाडा कधी कधी जास्त स्वच्छ दिसतो. चढण, थांबा, उतार. चढण, थांबा, उतार. दोन शक्यता, समोरासमोर ठेवलेल्या. भर गर्दीत, शेंगांची पिशवी छातीशी धरून, त्या पुटपुटल्या, "संकेतार्थ." आणि मग त्यांना त्या शब्दाचाच अचंबा वाटला. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेला शब्द. त्यात 'संकेत' बसलेला होता, खूण, हाताची, डोळ्याची खूण, आणि त्यांनी कधी तिकडे पाहिलं नव्हतं. जर तिच्या भुवयांत होता. आरशासमोर बसून त्या मुलीच्या ओठांत जे शोधत राहिल्या, ते वीतभर वर, कपाळाखाली, केव्हापासून होतं.

मुलीला न भेटताच त्या चालत घरी आल्या. वसंतराव ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. "काय म्हणतात हातकणंगलेकर?"

"अहो, नंदिनी बोलते."

"म्हणजे?"

"म्हणजे व्याकरणानं बोलते."

वसंतरावांनी चष्मा काढला, बायकोकडे बघितलं, पुन्हा घातला. "ऊन लागलंय तुला. आधी पाणी पी."

नंदिनी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि स्टोव्ह पेटवून शेंगा भाजायला बसली. श्यामलाबाई दारात उभ्या राहिल्या. स्टोव्ह भर्रभर्र करत होता. ऐकणारं मूल घरात असतं तर त्या आवाजावर ओरडून बोलायला शिकलं असतं, ही मुलगी त्याच्याशेजारी अगदी शांत होती. नेहमी त्या तिचा खांदा हलवायच्या, तिचा चेहरा उजेडाकडे वळवायच्या आणि ओठ सुटे सुटे करून बोलायच्या. आज त्यांनी खांदा हलवला आणि ओठ मिटून घेतले. त्यांनी भुवया वर केल्या. मान पुढे केली. बोट स्वतःकडे. मान नकाराची. भुवया तशाच वर धरून थांबल्या, कपाळ दुखेपर्यंत. मग भुवया सोडल्या, बोट नंदिनीकडे नेलं, आणि शेवटी, कारण स्टँडवर विचारणाऱ्याचा हात नेहमी शेवटी उलटताना त्यांनी पाहिला होता, तळवा उलटा केला: काय?

जर मी नाही म्हटलं, तर तू काय?

नंदिनीच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. ती आईच्या तोंडाकडे बघत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ती आईच्या सबंध चेहऱ्याकडे बघत होती. मग तिनं हात लांब करून स्टोव्ह बंद केला, आणि घरात जी शांतता पसरली ती फक्त श्यामलाबाईंना ऐकू आली. नंदिनी पाटावरून उठली, पदर खोचला, आणि हळूहळू बोलू लागली. सयाजीला तिनं चुलीच्या बाजूला उभं केलं. मग तळवा गळ्यावर ठेवला आणि देवघराच्या बाजूला दुसरं माणूस उभं केलं. तीच, घसा दुखणारी.

"कोण ही?" श्यामलाबाई मोठ्यानं बोलून गेल्या. "घसा कुणाचा दुखतो?"

नंदिनीनं ओठ वाचले आणि ती हसायलाच लागली. तिनं पुढे येऊन आईच्या गळ्यावर आपला तळवा ठेवला, सपाट, आरशासमोर ठेवायची तसा. आणि तिच्या त्या जड आवाजात म्हणाली, "आई. तू. नाव." श्यामलाबाईंचा गळा त्या तळव्याखाली हलला. म्हणजे त्या भाषेत त्यांना नाव होतं. कबनूरच्या मागावरची, हातकणंगल्याची, कुठली कुठली पोरं त्यांना ओळखत होती, स्टँडवर दर रविवारी त्यांचा विषय निघत होता, हमालाच्या धक्क्यातून त्यांना कुणीतरी बाजूला ओढून पदर झटकून परत जागेवर ठेवत होतं. त्या खाली बसल्या. नंदिनीही बसली, आणि सांगत राहिली. सगळं कळलं नाही. काही तिनं दोनदा केलं, काही ठिकाणी तोंडानं एकेक शब्द टाकला. जर गळ्यावाली नाही म्हणाली, तर सयाजी तिथे, मी इथे, वाट बघणं. आणि वाट बघण्याचा हात एकदा करून थांबला नाही, तो गोल फिरला, सावकाश, पुन्हा गोल, पुन्हा गोल. 'बघत राहीन' आणि 'बघतच राहीन' यांतला फरक त्यांनी दहावीच्या मुलींना तासभर समजावला होता. इथे तो एका मनगटाच्या फेऱ्यात होता. आणि मग नंदिनीनं जे केलं ते त्यांनी विचारलंच नव्हतं. भुवया वर, बोट स्वतःकडे, नकार. जर मी नाही म्हटलं तर. तर मी इथे. शिवणाचं मशीन. केस पांढरे, आईचे, बाबांचे, मग माझे. समोर तोंडं हलतात, हलतात. आणि मी... तिनं चेहरा कोरा केला, मान डोलावली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आवाज न करता ओठांनी 'हो, हो, हो'. तोच तो. धडा संपवणारा. श्यामलाबाईंना ज्याचा संशय होता तो खोटा 'हो' त्यांची मुलगी त्यांच्यासमोर करून दाखवत होती, अवतरणचिन्हांत घातल्यासारखा. मग तिनं तळव्यानं हवा पुसली, फळा पुसावा तशी. चुलीकडच्या सयाजीकडे वळली. डोळे मिटून, एकदाच, मान खाली घेतली. हा दुसरा 'हो' होता. श्यामलाबाईंनी तो याआधी कधी पाहिला नव्हता, पण तो खरा आहे हे सांगायला त्यांना कुणाची गरज लागली नाही.

बुधवारी शाळेत त्यांनी चार वेळा खडू खाली ठेवून हातांनी एक वाक्य करून पाहिलं, आणि पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींना कोपरं मारत राहिल्या. गुरुवारी चिमणाबाई आणि सयाजी आले. चिमणाबाई चहाची बशी तोंडाला लावून दणक्यात पावसापाण्याचं बोलत होत्या, वसंतराव 'हो का, हो का' करत होते. सयाजीनं नंदिनीकडे बघून तळवा गळ्यावर ठेवला, आणि शेवटी हात उलटा केला. आपलं नाव आणि प्रश्न, एवढं श्यामलाबाईंना कळलं. त्यांनी खाकरून सगळ्यांना गप्प केलं, ज्यांना गप्प करायची गरज नव्हती त्यांच्याकडे वळल्या आणि पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. बोट स्वतःकडे. बोट नाकपुडीशी, मग नंदिनीकडे. आणि मग उघडा तळवा स्वतःच्या छातीपासून निघून सयाजीपर्यंत. पंचमीपासून चतुर्थीपर्यंत, दिशा अगदी बरोबर. मी मुलगी तुला दिली. त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

सयाजी त्यांच्या हाताकडे बघत राहिला. गोंधळून त्यानं नंदिनीकडे बघितलं. नंदिनीनं तोंडावर पदर धरला, पण डोळे हसत होते. ती उठून आईजवळ आली. तिनं एक हात वाटोळा केला आणि छातीपासून सयाजीकडे नेला: कपबशी देणं. मग बोटांची चिमूट केली आणि तीच वाट: कागद देणं. मग मूठ: शेंगा देणं. श्यामलाबाई बघत राहिल्या. देणाऱ्या हाताला वस्तूचा आकार घ्यावा लागत होता. आकाराशिवाय देणंच होत नव्हतं. मग नंदिनीनं वाटोळ्या हातात स्वतःला बसवून बघितलं. मावत नाही. चिमटीत. मावत नाही. मुठीत. तिनं मान हलवली. चूक. आणि आईचे दोन्ही हात धरून तिनं ते दूर नेले, एक सयाजीच्या बाजूला, एक स्वतःच्या बाजूला, आणि मग दोन्ही सारख्याच वेगानं जवळ आणून एकमेकांत घट्ट मिटवले. असं.

"काय चाललंय म्हनं?" चिमणाबाईंनी बशी खाली ठेवली. "व्हय का न्हाय? मला मेलीला कुनी तोंडानं सांगंल का?"

वसंतरावही बायकोकडे बघत होते. श्यामलाबाईंनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, पिढ्यान् पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेलं: मुलगी दिली. ते जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी दुसरं शोधलं. लग्न करून देतो. पुन्हा देणंच. तुमच्या पदरात घालतो. तेही देणंच, पदरात मावेल असं. इतक्या वर्षांची त्यांची मराठी उघडा तळवा पुढे करून उभी होती आणि त्यावर काही ठेवता येत नव्हतं. मिटलेले हात अजून मांडीवर तसेच होते. त्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पहिलीतल्या मुलीसारखं, एकेक शब्द जोडत त्या म्हणाल्या,

"नंदिनी आणि सयाजी लग्न करतायत, चिमणाबाई."

"आं?" चिमणाबाईंनी वसंतरावांकडे बघितलं. "आन मग आपुन काय करायचं?"

"आपण बघायचं," श्यामलाबाई म्हणाल्या. "नीट बघायचं."

"म्हंजी व्हय म्हना की सरळ! केवढं फिरवून सांगताय, बाई. गूळ आना आदी."

गूळ आणायला कुणी उठलं नाही. सयाजी नंदिनीशी बोलत होता. त्याचा तळवा पुन्हा गळ्यावर गेला, आणि नंदिनीनं खोलीच्या मधोमध, आईच्या अगदी समोर, गळ्यावालीला उभं केलं. मग तिच्या भुवया वर गेल्या. कशाबद्दल, ते श्यामलाबाईंना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. भुवया वर थांबल्या होत्या, हात हवेत होते, आणि 'तर' अजून यायचा होता.